उभ्यानं शिकलेली विद्या

काचीगुड्याहून नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत जून-जुलैच्या दिवसांत एक दृश्य ठरलेलं असतं. बारावी झालेला मुलगा नाहीतर मुलगी, सोबत वडील किंवा मामा, आणि मांडीवर दोन-तीन कॉलेजांची रंगीत माहितीपत्रकं. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या पट्ट्यातल्या माणसांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं. दवाखान्याला इकडे यायची सवय तर निजामाच्या काळापासूनची, आता शिक्षणालाही तीच वाट. अलीकडे या पत्रकांत एक अभ्यासक्रम हमखास सापडतो : ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजी. आणि तो वाचला गेला की समोरच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणतं, "त्याला कॉलेज कशाला लागतं? आमच्या गावातल्या दवाखान्यात एक जण आहे, नववी नापास. वीस वर्षं थिएटरमध्ये उभा आहे. नवे डॉक्टर त्यालाच विचारतात."

हे मत फक्त रेल्वेच्या डब्यातलं असतं तर त्याचा प्रतिवाद करायला बसलो नसतो. पण लहान नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर खाजगीत हेच बोलतात, पालक हेच मानतात, आणि या अभ्यासक्रमाला बसलेली कितीतरी मुलंही मनातून हेच धरून असतात. म्हणून आधी हा पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

पहिलं म्हणणं असं की हे हाताचं काम आहे. ट्रॉली लावणं, निर्जंतुक करायच्या कापडांचे ड्रम भरणं, टेबल वरखाली करणं, सर्जननं हात पुढे केला की त्यात योग्य चिमटा ठेवणं, हे बघून बघून येतं. सुतार, गवंडी, मेकॅनिक असेच तयार झाले. दुसरं म्हणणं इतिहासाचं. अमेरिकेतल्या व्हिव्हियन थॉमसचं उदाहरण त्यासाठी दिलं जातं. सुतारकाम करणारा हा कृष्णवर्णीय तरुण, कॉलेजची पायरी न चढलेला, आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जॉन्स हॉपकिन्समध्ये निळ्या पडलेल्या बाळावरची ती प्रसिद्ध हृदयशस्त्रक्रिया झाली तेव्हा सर्जन ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून टाका कुठे आणि कसा घ्यायचा हे तोच सांगत होता. तिसरं म्हणणं सगळ्यांत वजनदार आहे, आणि ते करुणेतून येतं : बारावी सायन्स, जीवशास्त्र, तीन-चार वर्षांची पदवी अशा अटी लावल्या की गरिबाचं पोर बाहेर राहतं, आणि तालुक्याच्या दवाखान्याला माणूस मिळत नाही.

तिन्ही मुद्द्यांत काही ना काही खरं आहे. तरीही निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे कळायला थिएटरच्या आत नेमकं काय चालतं ते बघावं लागतं.

अमेरिकेत ज्याला सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात तो प्रामुख्यानं हात धुऊन, गाऊन घालून सर्जनच्या शेजारी उभा राहणारा, हत्यारं देणारा माणूस. आपल्याकडे ते काम बहुतेक ठिकाणी सिस्टरचं. आपला ओ.टी. टेक्निशियन याहून पसरट काम करतो. भुलीचं यंत्र तपासायचं, सिलिंडर लावायचं, मॉनिटर जोडायचा, पेशंटला टेबलावर योग्य स्थितीत बांधायचं, कॉटरीची (विजेनं कापणाऱ्या-जाळणाऱ्या यंत्राची) प्लेट चिकटवायची, ऑटोक्लेव्ह चालवायचा, आणि माणूस कमी असेल तेव्हा स्क्रबही व्हायचं. म्हणजे वीज, वायू, वाफ आणि माणसाचं निपचित पडलेलं शरीर या चारही गोष्टींशी त्याचा एकाच वेळी संबंध येतो.

आता सुताराची तुलना घ्या. सुतारानं सांधा चुकवला तर पाट डुगडुगतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत डुगडुगतो. हाताला चूक लगेच कळते, म्हणून हात शिकतो. थिएटरमध्ये असं होत नाही. तिथली चूक तिथे दिसत नाही. ड्रममधलं कापड नीट निर्जंतुक झालं नसेल तर जखम पाचव्या-आठव्या दिवशी वॉर्डात पू धरते, तोवर त्या ड्रमवरून आणखी कितीतरी केसेस झालेल्या असतात. पाय चुकीचा बांधला असेल तर दुसऱ्या दिवशी पेशंट उठायला लागतो तेव्हा कळतं, आणि ते फिजिओथेरपिस्टला कळतं. बांधणाऱ्याला कधीच कळत नाही. वीस वर्षं उभं राहूनही जी चूक आपल्यापर्यंत परत येतच नाही, ती अनुभव कशी सुधारणार?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आत्याचं हैदराबादेतच गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्याचं नाव घेत नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उभं केलं तर डावं पाऊल वर उचलेना, चप्पल पायात राहीना. पाय वर करून बांधतात त्या स्थितीत गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे नळीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं हाताला लागतं, तिथून एक नस कातडीखालून अगदी उघडी जाते. तो भाग लोखंडी दांड्याला टेकून तास-दीड तास राहिला होता. मध्ये घडी केलेला एक टॉवेल पुरला असता. आत्याचं पाऊल पाच महिन्यांनी उचलायला लागलं. मी नंतर त्या थिएटरमधल्या माणसाला भेटलो. शांत, कष्टाळू, पंधरा वर्षं तिथे असलेला. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "मी सगळ्यांचे पाय असेच बांधतो, कधी काही झालं नाही." त्याच्यावर राग धरता येईना. कुणी त्याला ती नस दाखवलीच नव्हती, आणि त्याआधी कुणाचं पाऊल पडलं असेल तर ते सांगायलाही कुणी त्याच्याकडे परत आलं नव्हतं.

ऑटोक्लेव्हचंही असंच. १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब आणि १५ ते २० मिनिटं हा आकडा थिएटरमधला प्रत्येक जण सांगतो. पण जंतू मारते ती वाफ, आणि वाफ कापडात शिरायची तर आधी तिथली हवा बाहेर निघायला हवी. ड्रम ठासून भरला, किंवा त्याच्या बाजूची भोकं उघडायची राहिली, तर आत हवेचा कप्पा अडकतो. बाहेरचा काटा १२१ दाखवतो आणि मधल्या गाठोड्याला ते तापमान कधीच मिळत नाही. वर चिकटवलेली पट्टी काळी झाली म्हणजे माल निर्जंतुक झाला, हा दुसरा गैरसमज. ती पट्टी एवढंच सांगते की हा ड्रम उष्णतेतून गेला. आतले चिवट बीजाणू मेले का, हे पाहायला जैविक चाचणी वेगळी असते. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात वायूचा दाब आणि तापमान आणि जीवशास्त्रात जिवाणूंचे बीजाणू ज्यानं समजून घेतले, त्याला हे एका दुपारी शिकवता येतं. ज्यानं ते घेतले नाहीत त्याला आकडा पाठ करून घेता येतो, आणि आकडा पाठ असलेला माणूस काटा बघून निश्चिंत होतो.

यावर कुणी म्हणेल, आता यंत्रंच इतकी सुरक्षित झालीत की चूक करू म्हटलं तरी होत नाही. गॅस सिलिंडरचंच बघा. ऑक्सिजनच्या जोडणीला खुंट्या दोन आणि पाच क्रमांकाच्या जागी असतात, नायट्रस ऑक्साइडला तीन आणि पाचच्या जागी. एकाच्या जागी दुसरा बसतच नाही. योजना खरोखर सुंदर आहे. पण जोडणीत गळती थांबवायला एक वॉशर असतो, आणि गळती थांबत नाही म्हणून एखाद्यानं त्यावर दुसरा वॉशर चढवला की खुंट्या पुरत्या आत जात नाहीत, आणि चुकीचा सिलिंडरही घट्ट बसू शकतो. एकावर एक वॉशर चढवणारा माणूस आळशी नसतो, उलट तो हुन्नरी असतो. त्याला खुंटी का आहे हे सांगितलेलं नसतं, एवढंच.

इथे हैदराबादचाच इतिहास साक्षीला बोलावतो, कारण केवळ अनुभवावर किती विसंबावं या प्रश्नाचा जगातला एक मोठा खटला याच शहरात चालला. १८८५ च्या सुमारास एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन म्हणून इथे आले आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख झाले. एडिंबरोत ते जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकले होते. तिथून त्यांनी एक सिद्धांत सोबत आणला : क्लोरोफॉर्म देताना नाडी बघायची गरज नाही, फक्त श्वास बघा, कारण क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, हृदय कधीच आधी थांबत नाही. अफझलगंजच्या दवाखान्यात त्यांनी हजारो भुली दिल्या, देववल्या, आणि त्या अनुभवाच्या बळावर ते ठाम होते. इंग्लंडात मात्र क्लोरोफॉर्मवर माणसं मरत होती. १८४८ सालच्या जानेवारीत न्यूकॅसलला पायाच्या नखासाठी भूल दिलेली पंधरा वर्षांची मुलगी गेली, तेव्हापासून ती यादी वाढतच होती. लॉरींचं उत्तर असं, की तिथले डॉक्टर श्वासाकडे लक्ष देत नाहीत.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांच्या मागे बळ उभं केलं. १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसला. लंडनच्या 'लॅन्सेट'ला तो पटला नाही, तेव्हा निजामांनी एक हजार पौंड दिले, 'लॅन्सेट'नं लॉडर ब्रंटन यांच्यासारखा औषधशास्त्राचा जाणकार पाठवला आणि १८८९ मध्ये दुसरा आयोग भरला. शेकडो कुत्र्यांवर, शिवाय माकडांवर प्रयोग झाले. येताना संशय घेऊन आलेले ब्रंटन जाताना लॉरींच्या बाजूचे होऊन गेले. हैदराबाद जिंकलं असं वाटलं.

आणि हैदराबाद चुकलेलं होतं. १९११ मध्ये आल्फ्रेड गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की भूल हलकी असताना शरीरात ॲड्रिनालिन उसळलं, म्हणजे भीतीनं, धडपडीनं उसळतं तसं, तर क्लोरोफॉर्मनं हृदयाचे स्नायू लय सोडून नुसते थरथरू लागतात आणि माणूस क्षणात जातो. श्वासाची वाट न बघता. आयोगाचा भर जादा मात्रेच्या खोल भुलीवर होता, मृत्यू हलक्या भुलीत होत होते. लॉरी लबाड नव्हते. श्वासावर लक्ष ठेवायला त्यांनी शिकवलं त्यानं कितीतरी जीव वाचलेही असतील. पण हजारो यशस्वी भुलींनी त्यांना एवढंच शिकवलं होतं की आपली पद्धत बरोबर आहे. का बरोबर आहे आणि कधी चुकेल, हे हजारात एकही भूल सांगू शकत नव्हती. ते सांगायला शरीरशास्त्र लागलं, आणि तेही बावीस वर्षांनी.

लॉरी जर पूर्वपक्षाचे सर्वांत मोठे पुढारी, तर उत्तरपक्ष मला त्यांच्याच एका विद्यार्थिनीत सापडतो. रूपाबाई फर्दुनजी या पारशी मुलीनं १८८५ ते १८८९ या काळात हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये शिक्षण घेतलं आणि पुढे इथल्याच दवाखान्यांत वर्षानुवर्षं भूल दिली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. पुरेसा अनुभव, पुरेसं नाव. तरी १९०९ मध्ये, वीस वर्षं भूल दिल्यानंतर, त्या एडिंबरोला गेल्या आणि तिथे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकल्या. भूलशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम तेव्हा नव्हता, म्हणून ज्या विषयांच्या पायावर ते काम उभं आहे ते विषय त्यांनी घेतले. ज्या बाईच्या हाताला सगळं येत होतं तिला वायू आणि द्रव यांचे नियम शिकावेसे वाटले, समुद्र ओलांडून. आज बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मागणारी प्रवेशाची अट कुणाला जाचक वाटली की मला त्यांचा तो प्रवास आठवतो.

राहिला व्हिव्हियन थॉमस. हे उदाहरण देणारे त्याची अर्धीच गोष्ट सांगतात. तो कॉलेजसाठी पैसे साठवत होता. मंदी आली तेव्हा १९३० मध्ये त्यानं व्हँडरबिल्टच्या प्रयोगशाळेत काम धरलं, आणि पुढे काही महिन्यांत बँक बुडून ते पैसेही गेले. तिथे शरीरक्रियाशास्त्र आणि रसायनशास्त्र तो वाचून, विचारून, प्रयोग करून शिकला. ब्लेलॉक त्याला काय करायचं याबरोबरच का करायचं हेही सांगत. आणि एवढं काम करून कित्येक वर्षं त्याची नोंद साफसफाई करणाऱ्यांच्या पगारश्रेणीत होती. मानद डॉक्टरेट मिळायला १९७६ उजाडलं. कॉलेजवाचून चालतं हे त्याच्या आयुष्यानं सिद्ध होत नाही. कॉलेजचा दाखला नसला की ज्ञान असूनही माणसाला काय किमतीत राबवतात, हे मात्र होतं. नववी नापास असलेल्या त्या गावातल्या माणसाला नवे डॉक्टर विचारतात हे खरंच असेल. महिनाअखेरीला त्याच्या हातात किती पडतं, हेही डब्यातल्या गृहस्थांनी विचारून बघावं.

इथून तिसऱ्या मुद्द्याकडे येतो, गरिबाच्या पोराच्या. हा मुद्दा मी झटकणार नाही, कारण त्याच पोरासाठी अट हवी असं माझं म्हणणं आहे. सर्जन चुकतो तेव्हा थिएटरमध्ये "सर, थांबा" कोण म्हणू शकतं? स्पिरिटचं औषध अजून वाळलेलं नाही आणि कॉटरीला हात गेलाय, शेजारी ऑक्सिजन वाहतोय; किंवा कॉटरीची प्लेट जिथे चिकटवली त्या कातडीखाली जुन्या ऑपरेशनचा धातूचा सांधा आहे. हे बघूनही, केवळ सवयीनं शिकलेला माणूस गप्प राहतो. त्याच्याजवळ कारण नसतं, फक्त वाटणं असतं, आणि वाटण्याच्या जोरावर कुणी सर्जनला थांबवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेची तपासणी-यादी आणली. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यांत दिल्लीचंही एक होतं. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं, गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर. त्या यादीत एक साधी पायरी आहे : चीर देण्यापूर्वी थिएटरमधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि आपलं काम मोठ्यानं सांगायचं. ज्याला नाव सांगायला लावलं त्याचा आवाज एकदा फुटलेला असतो. पण तो आवाज पुढे टिकायचा तर त्याच्या मागे कारण माहीत असलं पाहिजे.

तालुक्याला माणूस मिळत नाही म्हणून अट सैल करा, हे म्हणणं नीट उलगडलं तर असं होतं : शहरातल्या पेशंटला शिकलेला माणूस मिळावा, किनवटच्या बाईला उभ्यानं शिकलेला चालेल. गरिबाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना हे नक्कीच म्हणायचं नसतं. पण त्याचा अर्थ तोच निघतो.

दुसऱ्या टोकाला एक पंथ आहे, त्याच्याशीही माझं पटत नाही. दर्जा हवा ना, मग लावा 'नीट', मागा नव्वद टक्के, असं हे लोक म्हणतात. ज्या कामाला शांत हात, स्वच्छतेचा ध्यास आणि मोजणीतला प्रामाणिकपणा लागतो (पोट शिवण्याआधी रक्त टिपायचा मॉप एक कमी भरला तर "काउंट जुळत नाही" असं भरल्या थिएटरमध्ये सांगावं लागतं), ते गुण कोणत्याही चाळणी-परीक्षेत दिसत नाहीत. विषयांची अट हवी, टक्क्यांची शर्यत नको.

कायदा आता बऱ्याच अंशी याच दिशेनं आला आहे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानं ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजिस्ट आणि भूल-सहायक यांना परिशिष्टात आघात, भाजणं आणि शस्त्रक्रिया-भूल या गटात जागा दिली. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान दोन हजार तासांचं शिक्षण ठरवलं. मला या आकड्यातली चांगली गोष्ट ही वाटते की मोजमाप तासांत आहे. तेलंगणात वरंगळच्या काळोजी नारायणराव आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी आहे, तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. हैदराबादच्या पंजागुट्ट्यातल्या निम्स या वैद्यकीय संस्थेत संलग्न आरोग्यशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम चालतात. आणि राज्याच्या पॅरामेडिकल बोर्डाचे दोन वर्षांचे डिप्लोमे आहेत. इंटरमीजिएटला बायपीसी, म्हणजे आपल्याकडचा जीवशास्त्राचा सायन्स गट, हा त्यांचा मुख्य रस्ता. मात्र डिप्लोम्याला त्या गटाची मुलं कमी पडली तर इतर गटांना दार उघडण्याची रीत राहिली आहे. मला ती रीत खटकते. उरलेली जागा भरण्यासाठी उघडलेलं दार हेच सांगतं की हा विषय कुणालाही झेपतो. त्यापेक्षा अशा मुलांना आधी सहा महिने शरीररचना आणि भौतिकशास्त्र शिकवावं, मग आत घ्यावं. महाराष्ट्रात राहूनच शिकायचं असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.एम.टी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. तीही बारावी सायन्सवरच.

आणि तो नववी नापास, वीस वर्षं उभा असलेला माणूस? त्याला बाहेर काढा असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच्याजवळ असं बरंच काही आहे जे कॉलेजातल्या अध्यापकाजवळ नाही : कोणत्या सर्जनचा हात कधी थरथरतो, जनरेटर सुरू व्हायला किती सेकंद लागतात, घाबरलेल्या म्हातारीशी भूल देण्याआधी काय बोलायचं. त्याच्यासाठी नोकरीत राहून करता येईल असा, त्याच्याच भाषेत, तेलुगूत, उर्दूत, मराठीत चालणारा अभ्यासक्रम हवा. आठवड्यातून दोन दुपारी, पगार न कापता. त्याला गुडघ्याजवळची ती नस हाताला धरून दाखवा. मला खात्री आहे, तो ती एकदाच बघेल आणि आयुष्यभर तिच्याखाली टॉवेल ठेवील.

गाडीत एकदा भेटलेल्या अशाच एका मुलाच्या वडिलांशी मी निजामाबाद येईपर्यंत बोलत होतो. माहितीपत्रकावर थिएटरचा झगमगीत फोटो होता आणि शंभर टक्के नोकरीची हमी होती. मी त्यांना पैसे भरण्याआधी कॉलेजात चार गोष्टी विचारायला सांगितल्या : मंडळाची किंवा विद्यापीठाची या वर्षीची मान्यता दाखवा, तुमचं स्वतःचं रुग्णालय आहे का, नसेल तर कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे, तिथे थिएटरं किती आणि दिवसाला केसेस किती, आणि मागच्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याचं लॉगबुक बघू द्या, त्यात किती केसेसवर सही आहे आणि सही कुणाची आहे. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पत्रकावरच्या त्या फोटोवर, कोऱ्या जागेअभावी, चारही प्रश्न लिहून घेतले. मुलगा म्हणाला, "पाचवा पण लिहा बाबा. शरीररचना कोण शिकवतं?"